किल्ल्याच्या किल्ल्या कुणाकडे?

आजचा भाग तंजावूरच्या राजवाड्याच्या आवारातून. मागे जो उंच मनोरा दिसतोय तो जुन्या शस्त्रागाराचा आहे असं सांगतात. डाव्या हाताला मराठा दरबार आहे आणि त्याच्या पलीकडे सरस्वती महाल ग्रंथालय.

हा माझा इथला दुसरा फेरा. खरं म्हणजे त्याची गरज पडायला नको होती. गेल्या वर्षी मी आठ दिवस राहून भरपूर टिपणं काढली होती. बृहदीश्वराच्या भिंतीवर सर्फोजी राजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. त्याचेही ओळीनं फोटो घेतले होते. पुण्याला आल्यावर सगळं संगणकात भरलं आणि दुसरी प्रत करायचं उद्यावर टाकलं. मग एका जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी इंटरनेटवरून एक फुकटचा प्रोग्राम उतरवला. संगणकानं विचारलं, ‘या प्रोग्रामला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का?’ मी ‘हो’ दाबलं. दिवसातून चारदा दाबतो, तसंच.

दोन दिवसांनी एकही फाइल उघडेना. प्रत्येकीच्या नावाला एक विचित्र शेपूट लागलेलं आणि पडद्यावर पैशांची मागणी. पैसे मी दिले नाहीत. टिपणं गेली ती गेली.

भाचा बघायला आला. त्याचा पहिला प्रश्न होता, "मामा, रोजच्या खात्याला अ‍ॅडमिनचे अधिकार कुणी दिले?" कुणीच दिले नव्हते. विंडोज पहिल्यांदा सुरू करताना जे खातं तयार होतं ते प्रशासकाचंच असतं, आणि घरात बहुतेक जण तेच आयुष्यभर वापरतात. मग त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. तो म्हणाला, "तुझ्या फाइलींना कुलूप घालायला त्या प्रोग्रामला काही खास अधिकार नको होता. तू जे उघडू शकतोस ते तुझ्या नावानं चालणारा प्रोग्रामही उघडतो. पण विंडोज मागे जुन्या प्रती राखून ठेवतं ना, त्या पुसायला अ‍ॅडमिन लागतो. तो अधिकार तू दिलास."

म्हणजे नुकसान करायला साधा अधिकार पुरला, आणि ते भरून काढायची वाट बंद करायला मोठा अधिकार लागला. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर तंजावूरचा किल्ला आला. या आवारात दोनशे वर्षांत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली आहे. आपल्यापेक्षा बळकट मदतनीस बोलवायचा, काम अडू नये म्हणून त्याच्या हाती सगळ्या किल्ल्या द्यायच्या, आणि पुढे त्या परत मागायला कुणी उरत नाही.

पहिल्यापासून घेऊ. मराठ्यांच्या आधी इथे नायक राजे होते. १६७३ साली मदुरेच्या चोक्कनाथ नायकानं तंजावूर घेतलं आणि लढाईत इथला विजयराघव नायक मारला गेला. चोक्कनाथ स्वतः इथे राहणार नव्हता. त्यानं आपला दूधभाऊ अळगिरी याला कारभारावर नेमलं. फौज, महसूल, किल्ला, सगळं त्याच्या हाती. थोड्याच दिवसांत अळगिरी मदुरेचं ऐकेनासा झाला. चोक्कनाथानं ते चडफडत सोसलं.

नायकांच्या घराण्यातला चेंगमलदास नावाचा एक मुलगा वाचला होता. रायसम वेंकण्णा हा जुना दरबारी त्याला पुढे करून विजापूरला गेला आणि आदिलशाहीकडे दाद मागितली. विजापुरानं त्यांच्या मदतीला व्यंकोजी राजांना पाठवलं. शहाजीराजांचे पुत्र, शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू. इथले लोक त्यांना एकोजी म्हणतात. काम नेमकं होतं: अळगिरीला हुसकवायचं, मुलाला गादीवर बसवायचं, खर्च वसूल करायचा आणि परत यायचं. काम झालंही. मुलगा गादीवर बसला. मग, परंपरा सांगते, मनासारखं पद न मिळाल्यानं रुसलेल्या वेंकण्णानंच एकोजींना सुचवलं की तुम्हीच बसा. १६७५-७६ च्या सुमारास एकोजी गादीवर बसले आणि भोसल्यांचं तंजावूर सुरू झालं.

आपण मराठी माणसं ही हकिकत अभिमानानं सांगतो, मीही सांगतो. त्या गादीमुळे तमिळ देशात मराठी नाटकं लिहिली गेली, कीर्तन रुजलं, आणि आजही इथल्या काही घरांत मराठी बोललं जाते. पण एकदा विजापूरच्या बाजूनं पाहा. एका कामापुरती फौज देऊन सरदार पाठवला आणि तो परत आलाच नाही. परत बोलावणार कोण? विजापूरच्या गादीवर तेव्हा सिकंदर आदिलशाह हे लहान मूल होतं आणि दरबारात पठाण आणि दख्खनी गटांची मारामारी चालली होती. अधिकार देताना कागद झाला असेल, शिक्का उमटला असेल, पण तो काढून घ्यायची ताकद देणाऱ्याकडे नव्हती. १६८६ साली विजापूरच उरलं नाही.

आता शंभर वर्षं पुढे जाऊ, कारण खरा पेच तुळजाजी राजांच्या वेळचा आहे. अर्काटचा नवाब महंमद अली तंजावूर आपलं मांडलिक समजायचा आणि खंडणीसाठी मागे लागायचा. नवाबाकडे स्वतःची धड फौज नव्हती, ईस्ट इंडिया कंपनीकडे होती. १७७१ मध्ये कंपनीची फौज नवाबासाठी इथे आली आणि पैसे घेऊन परत गेली. १७७३ मध्ये पुन्हा आली. सप्टेंबरमध्ये किल्ला पडला, तुळजाजी कैद झाले आणि तंजावूर नवाबाच्या घशात गेलं. लंडनच्या संचालकांना ते पसंत पडलं नाही. त्यांनी लॉर्ड पिगॉटला मद्रासचा गव्हर्नर म्हणून पाठवलं आणि एप्रिल १७७६ मध्ये पिगॉटनं तुळजाजींना परत गादीवर बसवलं.

अट एवढीच की किल्ल्यात कंपनीची पलटण राहील आणि तिचा खर्च राजा देईल.

तुळजाजींना दोष देणं सोपं आहे. पुष्कळांनी दिलाही आहे. मी लष्करात आयुष्य काढलेला माणूस, मला ते तितकं सोपं वाटत नाही. ज्याच्या किल्ल्याला नुकतंच खिंडार पडलं होतं, जो अडीच वर्षं कैदेत होता, त्याला कुणी म्हणालं की आमची पलटण आत बसू दे, मग नवाब तुझ्याकडे वाकड्या नजरेनं बघणार नाही, तर तो काय म्हणेल? पलटण आत न ठेवण्याचा अनुभव त्यानं १७७३ मध्ये घेतला होता. धोका दोन्हीकडे होता, आणि आत्ता दिसणारा धोका त्यानं टाळला. फक्त एक गोष्ट डोळ्यांआड झाली. १७७३ मध्ये तटाला खिंडार पाडणारी फौज आणि १७७६ मध्ये तटाच्या आत रक्षणाला बसलेली फौज एकाच मालकाची होती.

(जाता जाता पिगॉटचं सांगतो. ज्या गव्हर्नरनं तुळजाजींना सोडवलं, त्यालाच चार महिन्यांनी, ऑगस्ट १७७६ मध्ये, त्याच्या कौन्सिलातल्या विरोधकांनी अटक केली. पुढच्या वर्षी तो कैदेतच वारला. मद्रासच्या किल्ल्यातही किल्ल्या कुणाकडे आहेत हे दर आठवड्याला बदलत होतं.)

तुळजाजींची अडचण आजही तशीच आहे. संगणकाचं रक्षण करणाऱ्या सॉफ्टवेअरला सगळ्यात आतल्या गाभ्यात जागा द्यावी लागते, कारण चोर तिथपर्यंत पोचतो. बाहेर ठेवलं तर ते पाहणार काय? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या अशाच एका रक्षक प्रोग्रामची सदोष फाइल जगभर गेली आणि विंडोजची यंत्रं निळ्या पडद्यावर थांबली. मायक्रोसॉफ्टचा अंदाज ८५ लाख यंत्रांचा होता. विमानं अडली, इस्पितळांची कामं अडली. हल्ला कुणीच केला नव्हता. पहारेकरी आतल्या खोलीत होता आणि तो तिथेच कोसळला. बाहेरच्या देवडीवर कोसळला असता तर घर चालू राहिलं असतं.

मग पहारेकऱ्याला बाहेरच ठेवावं का? इथे मला माझ्या तरुणपणीची एक गोष्ट आठवते. लष्करात हत्यारं ठेवायच्या खोलीला कोत म्हणतात. कोतची किल्ली कुणाकडे, कधी घेतली, कधी परत केली, सही कुणाची, सगळं वहीत असतं. एका ठाण्यावर आमच्या वरिष्ठांनी हे नियम आणखी कडक केले. साध्या साफसफाईलाही दोन अधिकाऱ्यांच्या सह्या. पहिला आठवडा शिस्तीत गेला. तिसऱ्या आठवड्यात वहीवर सकाळीच कोऱ्या सह्या करून ठेवलेल्या सापडल्या. त्यांतली एक माझी होती. कुणी चोर नव्हतं, सगळ्यांना दिवसाचं काम उरकायचं होतं. नियम इतका जड झाला की माणसांनी त्याला वळसा घातला, आणि आधी होती तेवढीही सुरक्षा उरली नाही.

विंडोजचंही असंच झालं. एक्सपीच्या काळात घरचं खातं सरसकट प्रशासकाचं आणि कुणी काही विचारत नसे. व्हिस्टा आलं २००७ मध्ये, आणि ते इतक्या वेळा विचारायला लागलं की लोकांनी एक तर ते विचारणंच बंद करून टाकलं किंवा न वाचता ‘हो’ दाबायची सवय लावून घेतली. माझं बोट त्या सवयीचंच. पुढच्या आवृत्तीत ते विचारणं कमी करावं लागलं.

सॉल्ट्झर आणि श्रोडर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९७५ साली संगणकातल्या माहितीच्या रक्षणावर एक निबंध लिहिला. त्यातल्या तत्त्वांत एक असं की प्रत्येक प्रोग्रामला त्याच्या कामापुरताच, कमीत कमी अधिकार द्यावा. ते सगळे सांगतात. पण त्याच यादीत दुसरंही एक आहे: रक्षणाची रीत माणसाला वापरायला इतकी सहज हवी की तो आपोआप नीट वापरेल. हे दुसरं फारसं कुणी सांगत नाही. आमच्या त्या वरिष्ठांना पहिलं पाठ होतं.

तंजावूरला परत येतो. १७८७ मध्ये तुळजाजी वारले. त्याआधी त्यांनी दहा वर्षांच्या आतला सर्फोजी दत्तक घेतला होता. राज्य सावत्र भाऊ अमरसिंहांनी सांभाळावं आणि मुलावर श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्यानं लक्ष ठेवावं अशी योजना होती. पंडितांकडून दत्तकविधान अशास्त्र ठरवून घेतलं गेलं आणि अमरसिंह स्वतःच राजे झाले. पालक म्हणून बसलेला मालक झाला, हे या राजवाड्यानं एकोजींच्या वेळी पाहिलंच होतं. श्वार्ट्झनं मुलाची बाजू धरून ठेवली, मुलाला मद्रासला नेलं, पंडितांची मतं पुन्हा मागवली, आणि १७९८ मध्ये कंपनीनं अमरसिंहांना उतरवून सर्फोजींना बसवलं. श्वार्ट्झ त्याच वर्षी फेब्रुवारीत गेला होता, त्याला ते पाहायला मिळालं नाही. सर्फोजींनी त्याचं संगमरवरी स्मारक इंग्लंडहून फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करून आणलं. शिवगंगेच्या चर्चमध्ये ते आहे, अवश्य पाहा.

गादी कंपनीनं दिली, तेव्हा हिशेबही कंपनीनं केला. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहानं राज्याचा सगळा कारभार कंपनीकडे गेला. राजाला वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा, निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा, आणि हुकमत हा किल्ला व आसपासच्या थोड्या भागापुरती. पलटण तेवीस वर्षं आतच होती. त्या दिवशी एक गोळी झाडावी लागली नाही.

उरलेल्या अधिकारात सर्फोजी राजांनी जे केलं ते आपल्याला माहीत आहे. नायकांच्या वेळचा ग्रंथसंग्रह त्यांनी वाढवला, देशभरातून पोथ्या आणवल्या, युरोपातून पुस्तकं मागवली. १८३२ मध्ये ते वारले. त्यांचे पुत्र शिवाजी राजे २९ ऑक्टोबर १८५५ ला वारले. मुलगा नव्हता. कंपनीनं राज्य संपल्याचं जाहीर केलं.

इथे माझी नजर पुन्हा त्या कुलपांकडे जाते. ऑक्टोबर १८५६ मध्ये फोर्ब्स हा कंपनीचा अधिकारी शिपाई घेऊन याच वाड्यात आला आणि खोल्यांना, कपाटांना मोहरा लावून दारांवर पहारे बसवले. राज्याची दौलत तर घेतलीच, राजाची खासगी मालमत्ताही घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या. खासगी मालमत्तेवर वारस म्हणून माझा हक्क आहे, राज्य संपलं म्हणून घर कसं नेता? कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. कंपनी प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेली आणि १८५९ मध्ये तिथे निकाल फिरला. लॉर्ड किंग्जडाउन यांनी वाचलेला तो निकाल आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. जप्ती न्याय्य की अन्याय्य यात ते शिरलेच नाहीत. हे सार्वभौम सत्तेचं कृत्य आहे, म्हणून ते तपासण्याचा अधिकार कोर्टालाच नाही, असं ते म्हणाले.

वस्तू जाणं एक, आणि त्या परत मागायची जागाच जाणं दुसरं. भाच्यानं सांगितलेल्या पुसलेल्या प्रती मला आठवल्या त्या इथे. राण्यांचं नशीब माझ्यापेक्षा बरं. १८६२ मध्ये सरकारनं ती मालमत्ता घराण्याला परत दिली. पण ती हक्कानं मिळाली नाही, मेहेरबानीनं मिळाली. पलटणीच्या करारात ‘अमुक झाल्यावर फौज बाहेर जाईल’ असं एक वाक्य १७७६ मध्ये असतं तर काय झालं असतं, असा विचार करतो, आणि मग स्वतःलाच सांगतो की ते वाक्य अंमलात आणायला फौज लागली असती, आणि फौज तर त्यांचीच होती.

या बाबतीत आजचे अभियंते तुळजाजींपेक्षा नशीबवान आहेत. त्यांचा नोकर कितीही बळकट असला तरी वाडा त्यांनीच बांधलेला असतो. अँड्रॉइड फोन पाहा. २०१५ पूर्वी अ‍ॅप टाकताना सगळ्या परवानग्या एकदम मागितल्या जायच्या, द्या नाहीतर अ‍ॅप विसरा. मग ज्या वेळी गरज त्या वेळी विचारायची रीत आली. २०२० पासून ‘फक्त या वेळी’ असा पर्याय आला, आणि बरेच दिवस न वापरलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेऊ लागला. युनिक्सवाल्यांकडे १९८० च्या सुमारापासून ‘सुडो’ आहे: मोठा अधिकार एका हुकमापुरता, फार तर थोड्या मिनिटांपुरता मिळतो, आणि कुणी काय केलं याची नोंद राहते. कोतच्या वहीसारखीच, फक्त कोऱ्या सह्या तिथे चालत नाहीत. एकोजी राजांच्या फर्मानावर ‘फक्त या वेळी’ लिहिलं असतं तर आज मी इथे मराठीत बोलत नसतो, हेही खरंच.

ग्रंथालयाचंही थोडं सांगतो. राजवाड्याच्या पडझडीतून हा संग्रह वाचला. बर्नेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यातल्या संस्कृत पोथ्यांची सूची केली, ती १८८० पर्यंत छापून झाली. १९१८ मध्ये ग्रंथालय लोकांसाठी खुलं झालं. संग्रहालयाचा भाग कुणीही पाहावा, पण पोथ्यांच्या कपाटांत कुणी स्वतः हात घालायचा नाही. सूची बघायची, हवं ते मागायचं, बसून वाचायचं. पुण्याहून आलेल्या निवृत्त कर्नललाही तेच, आणि परदेशातून आलेल्या प्राध्यापकालाही तेच. पहिल्या फेऱ्यात मला याचा थोडा राग आला होता. या वेळी आला नाही.

घरी आता दोन खाती आहेत. रोजचं साधं, आणि प्रशासकाचं वेगळं, त्याचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून कपाटात. पहिल्या महिन्यात सौ. वैतागली, "प्रिंटर लावायलासुद्धा तुमची परवानगी?" तिचं बरोबर होतं. भाच्यानं प्रिंटरचं एकदाच नीट बसवून दिलं, आता त्यासाठी कुणी काही विचारत नाही. टिपणांची दुसरी प्रत एका वेगळ्या डिस्कवर आहे. रविवारी सकाळी ती जोडतो, प्रत झाली की काढून कपाटात ठेवतो आणि तारीख वहीत लिहितो. काल रात्री इथल्या लॉजवर बसून शिलालेखाचे नवे फोटो तपासले. तीन ओळी धूसर आल्या आहेत. उद्या ऊन चढायच्या आत देवळात जाऊन त्या पुन्हा घेणार आहे.